मोटरीचा पाणक्या

संस्थानं विलीन झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे एकोणपन्नासच्या चैत्रात, निंबाजी पाटलांनी नर्मदेपलीकडच्या एका लहान संस्थानाची मोटर लिलावात घेतली. पाटलांची शहापूरकडे केळी होती, कापूस होता, आणि मोटर कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मोटरीबरोबर दोन माणसं आली. एक गजाननराव, वीस वर्षं तिचे ड्रायव्हर. दुसरा कडू.

मी तेव्हा लोधीपुऱ्यात वर्कशॉप चालवत होतो. लढाईच्या काळात जबलपूरला लष्करी गाड्यांवर पाच वर्षं काढली होती. बुऱ्हाणपुरात माझ्यासारखा मिस्त्री नव्हता, हे मी लोकांना सांगत नसे, पण त्यांना ते कळेल असा वागत असे.

गाडी माझ्या दारात पहिल्यांदा आली ती दोन बैलांच्या मागे. निंबाजी पाटील बैलगाडीवर बसले होते आणि गजाननराव मोटरीत स्टिअरिंगमागे, फेटा बांधून, जणू मिरवणूकच निघाली आहे. बाजूनं एक काळासावळा, पिंढऱ्या सुकलेला माणूस दोन्ही हातांत पाण्याचे पितळी घडे घेऊन चालत होता.

"मिस्त्री," पाटील म्हणाले, "सपाटीवर चालते. पण तीन मैल गेली का रेडिएटरमधून वाफ काढते. अन् पाय कितीबी दाबा, पळत नाही. म्हशीसारखी चालते, भो."

"ही पळायची मोटर नाही," गजाननराव आतूनच म्हणाले. उतरायचं नाव नाही. "ही सरकारस्वारीची मोटर आहे. हिच्यात केळीचे घड घातले तर ती तापणारच."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ज्याचं संस्थान गेलं, ज्याचा राजा तनखा घेऊन इंदूरला भाड्याच्या बंगल्यात राहायला गेला, त्या माणसाचा तोरा अजून जागचा हलला नव्हता. असली माणसं मला पहिल्यापासून सहन होत नाहीत.

"खाली उतरा," मी म्हणालो.

"आमच्याकडे मिस्त्री पायताण काढून मोटरीला हात लावत."

"तुमच्याकडचे मिस्त्री कुठंयत आता?"

ते उतरले नाहीत. मी बॉनेट उघडलं. वाफ अजून निघत होती. घडेवाला पुढे आला, फडक्यानं झाकण धरून सवयीनं अर्धं वळण फिरवलं, फस्स झाल्यावर थांबला, मग पूर्ण काढलं आणि हळूहळू पाणी ओतू लागला. इतक्या सफाईनं मी कुणाला ते काम करताना पाहिलं नव्हतं. पण ते काम म्हणजे काय, पाणी ओतणं. मी विचारलं, "हा कोण?"

"कडू," गजाननराव म्हणाले. "मोटरीचा पाणक्या. दरबारी नेमणूक आहे त्याची. सरकार बाहेर पडले की तो मोटरीबरोबर धावत असे. आता दाराखालच्या पायफळीवर उभा राहतो, पाटलांची सवलत."

मला हसू आलं, ते मी लपवलं नाही. मोटरीबरोबर धावायला माणूस नेमलेला. म्हणजे ती मोटर पहिल्यापासूनच तापत होती, आणि त्या दरबारात एकालाही असं वाटलं नव्हतं की मोटरीचं काय बिघडलंय ते बघावं. त्यांनी बिघाडालाच नेमणूक दिली होती.

पुढचे पंधरा दिवस मी त्या गाडीवर घालवले. आधी रेडिएटर काढला. आत क्षाराचा थर होता, चुन्यासारखा, आणि बाहेरच्या जाळीत जिनिंग गिरणीची सगळी धूळ अडकली असावी इतके कापसाचे तंतू. सोड्याच्या पाण्यानं तो तीनदा उकळून धुतला. पाणी एका बाजूनं ओतलं की दुसरीकडून धो धो येऊ लागलं. मी पाटलांना सांगून टाकलं की झालं, आता घेऊन जा. निंबोला गावापर्यंत जाऊन आली आणि परत वाफ.

मग पंख्याचा पट्टा बदलला. मग ब्रेक पाहिले, कारण ब्रेक चाकांना धरून राहिले तरी गाडी ओढत नाही आणि इंजिन तापतं. जॅकवर चढवून चारही चाकं हातानं फिरवली, लहान मुलाच्या भिरभिऱ्यासारखी फिरली. कार्बुरेटर खोलून जेट फुंकले. सायलेन्सर काढून त्यातून सळई घातली, कारण धूर कोंडला तर इंजिनाचा जीव घुसमटतो, तापतं आणि दमही राहत नाही. सळई आरपार गेली. हँडल मारून दाब पाहिला, सगळी सिलिंडर ठीक. टायमिंग तपासलं. ठिणगीची दांडी मागे असताना ठिणगी जिथं पडायला हवी तिथंच पडत होती.

दरम्यान सल्ले येत होते. पेट्रोल देणारा म्हणाला, कुपनावरचं पेट्रोल भेसळीचं असतं. पाटलांचे साडू म्हणाले, तापीच्या पाण्यात जडपणा आहे, विहिरीचं घाला. लोधीपुऱ्यातले एक मास्तर रोज शाळेत जाताना थांबून सांगत की इंजिन उलट्या बाजूनं थंड केलं पाहिजे. उलट्या बाजूनं म्हणजे कसं, ते त्यांना माहीत नव्हतं. मी सगळ्यांचं ऐकून घेत असे, निदान तोंडावर तरी. पाटलांना तर मी खोदखोदून विचारलं, किती मैलांवर तापते, चढावर की उतारावर, सकाळी की दुपारी. गजाननरावांनाही विचारलं. ते एकच उत्तर देत: "मोटरीचा स्वभाव आहे."

कडूला मी रोज एवढंच म्हणायचो, "बादली भर."

आणि दोन गोष्टी गजाननरावांनी मला एकदाही करू दिल्या नाहीत. स्टिअरिंगमागे बसू दिलं नाही, आणि चालत्या गाडीत पुढं बसू दिलं नाही. ती सरकारांची जागा होती म्हणे. स्टिअरिंगच्या मधल्या भागाला आणि खालच्या खांबाला जांभळ्या मखमलीची गवसणी घातलेली, जरीच्या शिलाईनं पक्की शिवलेली, घोड्याच्या खोगिरासारखी. मी गाडी तपासायला जाई तेव्हा डाव्या पायफळीवर उभा राहून बॉनेटकडे कान लावी. उजव्या पायफळीवर कडू घडे सांभाळत. आणि मधे गजाननराव मखमलीवर हात ठेवून ताठ बसलेले. मला त्या माणसाचा इतका राग येई की मी त्यांच्याकडे बघतच नसे. ती माझी चूक झाली. मी त्यांचे हात पाहायला हवे होते.

सोळाव्या दिवशी पाटील म्हणाले, "असिरगडचा घाट चढवून बघू. मालूबाईंना बी गडाखालच्या मारुतीला जायचंय. चढली तर ठेवतो, नाही तर मी हिला भंगारात देतो, अन् पुन्हा बैलावर बसतो."

मालूबाई म्हणजे पाटलांच्या मंडळी. बोलायला मोजक्या, घरचे आणि शेतावरचे व्यवहार त्याच बघत. त्या मागे बसल्या, पानाचा डबा मांडीवर. पाटील त्यांच्या शेजारी. मी आणि कडू आपापल्या पायफळीवर. ऊन चढलं होतं. निंबोला मागे पडलं तोवर गाडी ठीक होती, म्हणजे तापत होती पण उकळत नव्हती. घाटाच्या पहिल्या वळणाला तिनं दम टाकला. गजाननराव पाय दाबत होते, इंजिन ओरडत होतं आणि गाडी अशी सरकत होती की कडू खाली उतरून तिच्याबरोबर चालू लागला आणि थोडा पुढेही गेला. मागून एक लाकडाची बैलगाडी आली. गाडीवाल्यानं बैल आमच्या बाजूनं काढले आणि जाताना मोटरीकडे वळून पाहिलं.

वळण संपायच्या आत वाफ आली.

मी उतरलो. "इंजिन बंद करू नका," मी म्हणालो. "पाय दाबून धरा."

बॉनेटचं एक पाखं उघडलं. धुराचा लोखंडी नळ इंजिनाजवळ विस्तवासारखा लाल झाला होता. भर दिवसा दिसत होता. मला तिथंच काहीतरी उमगायला लागलं. आग आत जळायला हवी ती उशिरा जळतेय, अर्धी नळात जाऊन जळतेय. म्हणून जोर नाही आणि म्हणून उष्णता. ठिणगी उशिरा पडतेय. पण टायमिंग तर मी स्वतः तपासलं होतं.

मग मी ठिणगीच्या डब्याला जोडलेल्या बारीक दांडीकडे पाहिलं. त्या जमान्यातल्या गाड्यांना ठिणगी मागेपुढे करायला स्टिअरिंगपाशी एक दांडी असे. गाडी सुरू करताना ती मागे घ्यायची, नाहीतर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. गाडी सुरू झाली की ती पुढे ढकलायची आणि मगच गाडी पळते. ड्रायव्हिंग शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी हे शिकवतात. बैलाला आधी जुंपतात आणि मग हाकतात, इतकं ते साधं. आणि इथं, चालत्या इंजिनात, घाटाच्या मध्यावर, ती दांडी पूर्ण मागे होती.

"गजाननराव," मी म्हणालो, "स्पार्कची दांडी पुढे घ्या."

"कोणती?"

मी वर पाहिलं. ते खरोखरच विचारत होते.

"ठिणगीची. स्टिअरिंगखालची."

"तिला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "हुकूम आहे."

मी त्यांच्या बाजूला गेलो आणि म्हणालो की खाली उतरा. ते हलले नाहीत. मी पुन्हा म्हणालो, आवाज चढवून, आणि जे म्हणालो ते मी इथं लिहीत नाही. त्यांनी मखमलीवरचे हात काढले नाहीत. तेव्हा मागून मालूबाई म्हणाल्या, "रावसाहेब, उठा तुम्ही. मोटर आमची आहे."

त्या एवढंच बोलल्या. गजाननराव उतरले आणि घाटाच्या कठड्यावर, उन्हात, पाठ फिरवून उभे राहिले.

मी स्टिअरिंगमागे बसलो. मखमल जाड होती, बोटांनी उसवेना. मालूबाईंनी पानाच्या डब्यातून अडकित्ता काढून दिला. त्यानं जरीची शिलाई कापली. आत पितळेची दांडी होती, पूर्ण मागे ओढलेली, आणि लाल रेशमी दोऱ्यानं खांबाला सात-आठ वेढे देऊन बांधलेली. गाठीवर लाखेचा ठिपका आणि त्यावर संस्थानाची मोहोर.

पाटील मागून वाकून बघत होते. "हे काय?"

उत्तर कडूनं दिलं. तो रेडिएटरपाशी घडा टेकून उभा होता. मी त्याचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकला असेल.

"एकतीस साली दसऱ्याची सवारी होती. मोटरीनं झटका दिला. सरकारांची पगडी समोर पडली, लोकांच्या समोर. या रावसाहेबांनी दांडी जास्त ढकलली होती. मग हुकूम झाला, बांधून टाका, मोहोर करा."

"अठरा वर्षं?" मी विचारलं.

"हाओ."

मी दोरा कापला. लाख फुटून मांडीवर पडली. गाडीला थोडं पाणी दिलं, इंजिन गार होईतो थांबलो, मग सुरू केलं आणि दांडी पुढे नेली. इंजिनाचा आवाज बदलला. पहिल्यांदा मोकळा झाला. मी पाय दाबला आणि गाडी अशी उठली की मालूबाईंचा पानाचा डबा पाटलांच्या पायांवर सांडला. कडूनं पायफळी कशीबशी धरली. वळणामागून वळणं गेली. ती लाकडाची बैलगाडी आम्ही गडाच्या अलीकडे गाठली आणि मागे टाकली. पाटील लहान पोरासारखे मान बाहेर काढून बघत होते. गजाननराव खाली कठड्यावर राहिले, ते कुणाच्या लक्षातही नव्हतं.

वर मारुतीपाशी थांबलो. कडूनं झाकणावर उघडा हात ठेवला, तिथंच राहू दिला. ते गरम होतं, पण हात ठेवता येईल इतकंच.

पाटील-मालूबाई दर्शनाला गेले. मी बिडी पेटवली. मला आनंद झाला होता, आणि राग त्याहून जास्त आला होता. मी म्हणालो, "काय माणसं रे तुमची. अख्खं संस्थान, दिवाण, कारभारी, ड्रायव्हर. कुणाला एवढं कळलं नाही. एका दोऱ्यासाठी तुला अठरा वर्षं पळवलं."

कडू माझ्याकडे बघत होता. "मला कळलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"दुसऱ्याच साली. दोरा भिजून सैल झाला होता, पावसानं. दांडी अर्धी पुढे सरकली. त्या दिवशी मोटर तापली नाही, अन् इतकी पळाली की मी मागे राहिलो. मी रावसाहेबांना बोललो. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या अन् दोरा नवा बांधून घेतला."

"मग मला का नाही सांगितलंस? पंधरा दिवस मी कुत्र्यासारखा राबलो."

"तुम्ही विचारलं नाही," कडू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "पाटलांना विचारलं. रावसाहेबांना विचारलं. पेट्रोलवाल्याला विचारलं. त्या मास्तरचं बी ऐकलं. मी रोज मोटरीपाशी उभा होतो. मला तुम्ही म्हणाले, बादली भर." त्यानं झाकणावरचा हात काढून धोतराला पुसला. "मी म्हटलं, हा बी त्यांच्यासारखाच. ह्याला बी पगडी आहे, दिसत नाही एवढंच."

मी बिडी ओढत राहिलो. पाण्याच्या घड्यांजवळ बसून तो दरीकडे बघत होता, जसा कुणी कंटाळवाण्या माणसाबरोबर अडकला की दुसरीकडे बघतो. मी त्या पंधरा दिवसांत गजाननरावांकडे असाच बघत होतो.

येताना गजाननरावांना घाटात घेतलं. ते मागे मालूबाईंच्या पायांशी बसले, कारण स्टिअरिंगमागे मी होतो आणि सरकारांच्या जागेवर ते बसणार नव्हते. मला वाटलं होतं या क्षणी मजा येईल. त्यांच्या फेट्यावर धूळ बसली होती, आणि तो माणूस मला अजूनही आवडत नव्हता, एवढंच.

आठ दिवसांनी मोटर परत आली. पुन्हा बैलांच्या मागे. मी बॉनेट उघडायच्या आधीच आतला नळ लाल होऊन विझल्याचा वास ओळखला. स्टिअरिंगपाशी मखमल नव्हती, पण दांडी मागे होती आणि दोरा नवा, साधा, सुताचा. मोहोर नव्हती, कारण आता मोहोर कुठून आणणार.

"हुकूम रद्द झालेला नाही," गजाननराव मला म्हणाले. "सरकारांनी रद्द केला तर मी दोरा सोडीन. तोवर नाही."

"सरकार राहिले कुठं?"

"ते तुम्हाला कळायचं नाही."

खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यांची कीव येऊ शकली असती. नाही आली. जो माणूस वीस वर्षं एका यंत्रावर बसतो आणि ते कसं चालतं हे जाणून घ्यायला खाली वाकत नाही, त्याच्या निष्ठेला मी काय करू. पाटलांनी त्याच दिवशी त्यांना निरोप दिला. मालूबाईंनी प्रवासाला दशम्या बांधून दिल्या. ते खांडव्याच्या गाडीनं गेले; पुढं इंदूरला सरकारांच्या बंगल्यावर फाटकाशी उभे असतात, असं कुणीतरी सांगत आलं. बंगल्यातली मोटर सरकार आता स्वतः चालवतात, असंही तो म्हणाला.

पाटलांना आता ड्रायव्हर हवा होता आणि पाणक्या नको होता. मालूबाई म्हणाल्या, कडूला केळीत पाणी धरायला ठेवा. कडूनं मान हलवली. "पाणी पुरे झालं," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता पाटलांना म्हणाला, "मला चालवायला शिकवा. ह्यांना सांगा शिकवायला."

मी शिकवलं. बावीस दिवस, तापीकाठच्या सपाट रस्त्यावर. गिअर त्याला कळायला वेळ लागला, पण इंजिनाचा आवाज माझ्याआधी त्याच्या कानावर येई. दांडी कुठं किती पुढे न्यायची हे मी त्याला एकदाच सांगितलं आणि ते सांगायचीही गरज नव्हती. शिकताना तो मला मिस्त्री म्हणे, अहो-जाहो करी, आणि त्यात आदर कुठंच नसे. लायसन मिळाल्यावर त्यानं पितळी घडे बाजारात विकले.

ती मोटर पाटलांकडे अजून सात वर्षं चालली. कडू तिच्यात केळीचे घड भरून स्टेशनवर नेई, मागची गादी काढून टाकली होती. सरकारस्वारीच्या मोटरीचा त्यानं टेम्पो केला आणि तिचे लाड कधी केले नाहीत. नवी राज्यं झाली त्या वर्षी ती मोडीत गेली, मग पाटलांनी जीप घेतली आणि तीही कडूच चालवू लागला.

जीप बिघडली की तो माझ्याकडेच आणतो. बॉनेट उघडायच्या आधी मी त्याला विचारतो, काय होतंय, कधीपासून, तुला काय वाटतं. तो पायफळीवर एक पाय ठेवून, बिडी न विझवता, सावकाश सांगतो. बहुतेक वेळा बरोबर असतं. त्याची सांगायची पद्धत मला आवडत नाही, पण मी शेवटपर्यंत ऐकून घेतो.